झांजांविना आरती

मनात किंतु ठेवून मी कित्येक वर्षं दत्ताची आरती केली, हे आधी कबूल करते. किंतु देवाबद्दल नव्हता, नवऱ्याबद्दल होता. हे श्रीलंकेहून मांडीत गोळी लागून परतले, फौज सोडली, आणि आम्ही हिमायतनगरला बिऱ्हाड केलं. घरोघरी केबल टीव्ही येत होता तेव्हाची गोष्ट. हे एका नव्या कंपनीच्या गेटवर लागले. जखम भरली होती, एक्स-रेमध्ये काही निघत नव्हतं. तरी गुरुवारी आरतीत झांजा सुरू झाल्या की हे मांडी घट्ट धरून आतल्या खोलीत निघून जायचे. एकदा मात्र यांनी उकळत्या आमटीचं पातेलं नुसत्या हातांनी उतरवलं. बोटांना फोड आले तरी यांना पत्ता नाही. आरतीला जमलेल्या बायकांसमोर मी म्हणाले, "भाजलेलं कळत नाही आणि भरलेलं दुखतं? देवापुढे बसायला नको, म्हणून ही ढोंगं."

यांना श्रद्धा येऊ दे म्हणून मी अकरा गुरुवार बोलले आणि झांजा आणखी जोरात वाजवू लागले.

शेवटच्या गुरुवारी मलकपेठच्या बसस्टॉपवर फुलांची पुडी घेऊन बसले होते. शेजारी एक म्हातारे गृहस्थ, एक बाही रिकामी. रस्त्यात कुणाचा तरी टायर फुटला आणि त्यांनी ती रिकामी बाही गच्च पकडली. मी न राहवून विचारलं, दुखतं का म्हणून.

"फौज में गया अम्मा, हाथ. आवाज हुआ की दुखता. हाथ नै है, दर्द मगर सच्चा है. लड़ाई खतम हुई, भेजे कू अभी खबर नै पहुँची." मग हसून म्हणाले, "घरवाली मान लेती, उतना बस है."

त्यांची बस आली, ते गेले. पुन्हा कधी दिसले नाहीत. ते कोण होते, यावर मी वाद घालत नाही.

त्या संध्याकाळी झांजा फडक्यात बांधून ठेवल्या आणि यांची माफी मागितली. हलक्या टाळ्यांवर आरती म्हटली. हे शेवटपर्यंत बसले. पण माझा तो 'ढोंगं' शब्द काही परत आला नाही. रोज विचारायची, दुखतंय का? हे "नाही" म्हणायचे, आणि पांघरुणाखाली मांडी धरलेली असायची. मग मी विचारणंच सोडलं. त्या हातावर नुसता हात ठेवून पडून राहायची.

आता हे नाहीत. दत्तगुरूंचे उपकार आहेत की निदान तेवढी वर्षं दिली. आरती अजून टाळ्यांवरच म्हणते.