पिळून काढलेलं पाणी

"दुखणं मागनं सांगा, आधी चुलीवर काय हाय ते सांगा."

पडवीत पाऊल टाकलं की सिस्टरबाईंचा हा पहिला प्रश्न असे. खांद्यावरची पिशवी खाली ठेवण्याच्याही आधी. बायका हसत आणि आतून पातेलं उचलून आणत. सिस्टरबाई वाकून बघत, वास घेत, आणि मगच ताप-खोकल्याकडे वळत. काही माणसं घरात शिरताना देव्हाऱ्याकडे बघतात, काही घड्याळाकडे, हे तुम्हीही पाहिलं असेल. या पातेल्यात बघत.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. मी वरवंडच्या दवाखान्यात आहाराची माहिती सांगण्याच्या कामावर नुकतीच लागले होते. शाळा पुण्यातली, इंग्रजी माध्यमाची. बोलायचं झालं तर वाक्य आधी मनात जुळवून बघायचे, आणि ते जुळेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. सिस्टरबाई दौंडच्या, माझ्या दुप्पट वयाच्या. तरी मला 'ताई' आणि 'तुम्ही' म्हणत. मी गप्प असते याबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत. वस्त्यांवर जाताना मला सोबत नेत, एवढंच.

गावापासून दोन मैलांवरच्या वस्तीत एक आबा होते. निम्मं आयुष्य मेंढरांमागे हिंडण्यात गेलेलं, मग मेंढरं विकून थोडी जमीन केलेली. पायांवर सूज आणि धाप, म्हणून डॉक्टरांनी त्यांना लघवीची गोळी दिली होती. सूज उतरली, धापही कमी झाली, पण पायांतली शक्ती गेली. रात्रंदिवस पोटऱ्यांत गोळे येत. सुनेचा हात धरल्याशिवाय बाजेवरून उठता येईना.

डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. गोळी पाणी काढते, त्या पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं. ते भरून काढणारं औषध त्यांनी पुण्याहून मागवलं. आबांनी एक घोट घेतला आणि थुंकून टाकला. म्हणाले, पाय नसलेलं जगणं मला नको, धापलेलं चालंल, येत्या बाजारापर्यंत फरक पडला नाही तर गोळी बंद. डॉक्टर दवाखान्यात आम्हाला सरळ म्हणाले, गोळी बंद केली तर फार दिवस काढणार नाहीत.

मी रात्री यादी केली. केळी, संत्री, शहाळं. केळ्यानं कफ होतो म्हणून आबा केळं तोंडाला लावायला तयार नव्हते. सिस्टरबाईंनी यादी दोनदा वाचली, घडी घालून कमरेला खोचली आणि विचारलं, "ताई, ह्यातलं शहाळं आपल्या बाजारात कुठं मिळतं?"

मला माहीत नव्हतं. मग त्यांनीच सुनेला सांगितलं: मटकी, हुलगे, रताळी, निखाऱ्यात भाजलेला सालासकट बटाटा, आणि रोज एक पालेभाजी. मीठ मात्र वाढवायचं नाही. असा आहार त्या सगळ्यांना सांगत नसत. ज्याला लघवीच कमी होते त्याच्या अंगात पोटॅशियम साठून राहतं, म्हणून त्याच्याबाबतीत आधी डॉक्टरांना विचारत.

चार-पाच दिवस गेले. गोळे तसेच. भाजी रोज करते, शपथ घेऊन सांगते, असं सून म्हणत होती. तिनं पातेलं बाहेर आणलं. करडईची भाजी होती, मोकळी, सुरेख. सिस्टरबाई वाकून त्या भाजीकडे बघत राहिल्या. मग हळूच मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही आत जाऊन बसा. बोलू नका काही. नुसतं बघा."

त्या स्वतः आत का गेल्या नाहीत, हे मला तिथे चुलीपाशी बसल्यावर उमगलं. सिस्टरबाई बौद्ध होत्या. वस्तीवरच्या बायका त्यांच्याकडून बाळंतपणं करून घेत, सुया टोचून घेत. पण पातेलं नेहमी बाहेर येई. माझ्यासाठी मात्र उंबरा नव्हता. माझी जात कुणी विचारलीही नव्हती.

सुनेनं संध्याकाळसाठीची करडई भरपूर पाण्यात उकडली, दोन्ही मुठींत घट्ट पिळली. घरच्यांची बाजूला काढली. आबांची परत उकडली आणि परत पिळली. आजारी माणसाला उग्र नको, म्हणाली. हिरवंगार पाणी तिनं म्हशीच्या आंबोणात ओतलं.

मी बाहेर येऊन सगळं सांगितलं. त्या नोकरीत तोवर मी एवढं कधीच बोलले नव्हते.

"म्हशीच्या पायात गोळे येत्यात का गं?" सिस्टरबाईंनी माझ्यामागून दारात आलेल्या सुनेला विचारलं.

"न्हाई."

"कसं येतील? आबांच्या भाजीतलं समदं त्या पाण्यातनं तिलाच जातंय."

आबा बाजेवर हसले, खोकला येईपर्यंत. सून हसली नाही. तिचे डोळे भरले. दुसऱ्यांदा पिळायचे कष्ट तिनं मायेपोटी घेतले होते. सिस्टरबाईंनी थट्टा तिथेच सोडली. "तुझं न्हाई चुकलं. काय खायचं ते आमी सांगितलं, कसं शिजवायचं ते सांगितलंच न्हाई."

मग त्या पडवीतूनच बोटांनी पाण्याचं माप दाखवू लागल्या. झाकण कधी ठेवायचं, मटकी शिजवलेलं पाणी कशात घालायचं. सुनेला नीट कळेना. आबा बाजेवरून म्हणाले, "आत जाऊन दावा की, बाई. हितं माझ्या पायातलं बळ चाललंय, आन् तुम्ही दोघी उंबरा धरून बसलाय."

 सून दारातून बाजूला झाली. सिस्टरबाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि आत गेल्या. थोड्या वेळानं झाकणाचा आवाज आला, मग दोघींचं बोलणं.

बाजारचा दिवस आला आणि गेला. गोळे कमी झाले होते, म्हणून आबांनी गोळी चालू ठेवली. पुढे ते हात न धरता उठू लागले.

त्याच वर्षी सिस्टरबाईंची बदली शिरूर तालुक्यात झाली, वडगाव रासाईला. त्या वस्तीवर सांगायला आल्या तेव्हा आबांनी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि आमच्याबरोबर फाट्यापर्यंत आले. एसटी आली. सिस्टरबाई चढल्या, खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांनी विचारलं, "आबा, सकाळची गोळी घेतली का?"

"व्हय."

गाडी गेली. धुरळा खाली बसायच्या आत आबा वळून वस्तीच्या वाटेला लागले. त्यांना गाठायला मला भरभर चालावं लागलं.