साठ पेले आणि एक विडी

धुळे जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्याचा इतिहास कधी लिहिला गेलाच, तर त्यात माझ्या बायकोच्या मामांवर एक स्वतंत्र प्रकरण असेल. निदान मामांचं तसं मत आहे. धुळ्यातल्या एका मुलांच्या वसतिगृहाचे ते व्यवस्थापक होते. तिथे सगळे त्यांना नाना म्हणत. जंतूंशी त्यांचं जुनं वैर. लग्नाच्या पंगतीत कुणी खोकलं की ते भरल्या ताटावरून उठून खिडकी उघडत, आणि खिडकी नसून मांडव असला तर कनात वर करून ठेवत.

एकदा वसतिगृहात एक डॉक्टरीणबाई व्याख्यानाला आल्या. मेंदूज्वराचा एक जंतू धडधाकट पोरांच्या घशात गुपचूप मुक्काम करतो, बहुतेकांना काही करत नाही, पण क्वचित एखाद्याच्या जिवावर उठतो, असं त्यांनी सांगितलं. दाटीने राहणं, उष्टं पिणं, चुंबन आणि विडी-सिगारेटचा धूर, मग तो शेजाऱ्याचा का असेना, एवढ्यांनी त्याचं फावतं. पोरं चुंबनापाशी जागी झाली. मामांनी चारही मुद्दे वहीत उतरवले. साठ घरांनी आपल्या भरवशावर पोरं ठेवलीत, हे त्यांच्या डोक्यातून कधी जात नसे.

दुसऱ्याच दिवशी खाटा लांब लांब सरकल्या. त्यात दोन खाटा व्हरांड्यात आल्या आणि साक्रीची दोन पोरं अभ्यास सोडून रहदारी पाहू लागली. मग फलक लागला : ‘वसतिगृहाच्या हद्दीत चुंबन घेऊ नये. हुकमावरून.’ त्या हद्दीत बाईमाणूस म्हणजे भाकरी करणाऱ्या सत्तरीच्या अक्का. त्यांनी फलक एका पोराकडून वाचून घेतला आणि अहिराणीत विचारलं, “नाना, हाई पाटी मन्हासाठे शे का?”

“नियम बठ्ठासले सारखा,” मामा म्हणाले.

उष्ट्यावर उपाय म्हणून मामांनी पदरचे साठ स्टीलचे पेले आणले, प्रत्येक पोराला स्वतःचा. नाव कोरणाऱ्याला त्यांनी फक्त ‘नावं घाला’ एवढंच सांगितलं. भेटीच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालायची आपली रीत. त्याने साठही पेल्यांवर घातलं, ‘नानांकडून सप्रेम भेट’. कुणाचा पेला कुठला हे पुन्हा कुणालाच कळेना.

राहिला धूर. मामांनी पोरांचे खिसे तपासले, गाद्या उलटल्या, तोंडांचे वाससुद्धा घेतले. काही सापडेना. अक्का भाकरी थापता थापता म्हणाल्या, “धूर ते तुमनाच शे, नाना.” मामांच्या खोलीची खिडकी पोरांच्या खोलीत उघडत होती आणि विडी चाळीस वर्षांची होती. तिसऱ्या दिवशी मामांनी विड्यांचं बंडल अक्कांच्या चुलीत टाकलं आणि फलकावर एक ओळ वाढवली : ‘विडी ओढू नये. व्यवस्थापकांनीसुद्धा.’

आता मामा निवृत्त होऊन शिंदखेड्याला असतात. संध्याकाळी ओट्यावर बसून बोटांत रिकामी काडेपेटी फिरवतात आणि एकेका पोराचं नाव गावासकट घेतात. त्यांच्या हाताखालच्या एकालाही ते दुखणं झालं नाही. त्याचं श्रेय ते फलकाला देतात. विडीचा विषय काढत नाहीत. निरोपाच्या दिवशी पोरांनी त्यांना स्टीलचा एक पेला भेट दिला होता. त्यावर नाव आधीच घातलेलं होतं.