डोळे मिटून भांडण

लॉरेल गॅपच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये भांडायची एक रीत आहे. समोरासमोर कुणी भांडत नाही. चहा गोड आणि तोंडं त्याहून गोड. ज्याला झोडपायचं त्याच्यासाठी प्रार्थना करायची, मोठ्याने, सगळ्यांदेखत. लेकी बोले सुने लागे, फक्त इथे लेकीच्या जागी देव. तो बिचारा ऐकून घेतो. आणि ज्याला लागायचं त्याला लागलं तरी उत्तर देता येत नाही, कारण दुसऱ्याच्या प्रार्थनेत तोंड घालणं हे चोरीपेक्षा वाईट समजतात.

ओव्हेला क्रॅबट्री हे जन्मभर बघत आली होती. टेनेसीच्या या डोंगरातल्या दोन पिढ्यांना तिने शाळेच्या स्वयंपाकघरातून जेवू घातलं, लाकडाचा ट्रक चालवणाऱ्या नवऱ्याला मूठमाती दिली, आणि निवृत्त झाल्यावर चर्चच्या रविवारच्या पत्रकावर, मागच्या पानाला, सिनेमांचे निकाल लिहायला लागली. तिच्या निकालाशिवाय आईबाप पोरांना थिएटरकडे फिरकू देत नसत. निकाल बहुधा एकच असायचा: जाऊ नका. शिवी, रक्त, उघडं अंग, काहीही दिसलं की ओव्हेला खुर्चीतून उठायची, तिकिटाचे पैसे परत मागायची आणि घरी येऊन लिहायला बसायची. सिनेमांचे शेवट तिला फारसे ठाऊकच नव्हते.

मग तो सावलीवाला सिनेमा आला. एक ट्रकवाला, दिवसा गरीब गाय. अंधार पडला की त्याच्या सावलीत शिरलेला सैतान उठतो आणि गुंडांना फाडतो. पोरं नुसती वेडी झाली होती. पहिल्याच शिवीला ओव्हेला उठायला गेली, तर गुडघा आखडलेला. देवाने मला इथे खिळवून ठेवलं, असं ती नंतर म्हणाली. डॉक्टरच्या मते तो संधिवात होता. काही का असेना, ती बसली. आणि सिनेमात एक म्हातारा न्हावी त्या ट्रकवाल्याच्या गालावरचा साबण पुसता पुसता म्हणाला, "तुझ्यात काय शिरलंय ते सांग. मी कुठे जात नाही." तिथे ओव्हेलाला रडू कोसळलं. पुढच्या दोन मारामाऱ्या तिला धूसरच दिसल्या.

तिने लिहिलं: "सिनेमा ओंगळ आहे. शिव्या आहेत, सैतान आहे, देवाचं नावसुद्धा नाही. तरी पोरांना घेऊन जा, शेवटपर्यंत बसा, आणि घरी येऊन त्यांना विचारा, तुझ्यात काय चाललंय."

गावात आग लागली म्हणा ना! सोमवारीच पाळकांचा, ब्रदर गार्लंडचा, फोन आला. "मिस ओव्हेला, तुमच्या मनात काही वाईट नव्हतं, मला माहीत आहे. पण बुधवारच्या प्रार्थनेत तेवढं मागे घेऊन टाका. नाही तर ते पान मार्लीन सांभाळेल."

मार्लीन म्हणजे त्यांची बायको. तिने सिनेमा बघितलाय का, असं ओव्हेलाने विचारलं.

"पोस्टर बघितलंय तिने. शिंगं आहेत त्याच्यावर."

ओव्हेलाने जिला जिला फोन केला तिने तिने "मी तुझ्यासाठी प्रार्थना करतेय गं" म्हणून फोन ठेवला. कुणी भांडेल तर शपथ! भिंतीवर डोकं आपटावं तर भिंत तरी टणक असते. ही माणसं नुसती उशी. पान गेलं तर गेलं, पण ते शेवटचं वाक्य तिला परत घ्यायचं नव्हतं. ते तिला पुष्कळ वर्षांपूर्वी कुणीतरी सांगायला हवं होतं.

बुधवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात टेबलं मांडली. घेवड्याची पातेली, मक्याचा पाव, केळ्याचं पुडिंग. जेवणाआधी सगळे गोल उभे राहिले, हातात हात, डोळे मिटलेले.

"प्रभू," मार्लीनने सुरुवात केली, "आमच्यातली एक वडीलधारी बहीण वाट चुकली आहे. नाव मी घेत नाही. तिचं वय झालंय, ते लक्षात घे."

ओव्हेलाच्या कानशिलांत रक्त चढलं.

मग चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन हॉइट मेपल्सचा जाड आवाज. "प्रभू, तिला एवढंच विचार, की बाजूच्या खुर्चीवर येशू बसला असता तर तिने असला सिनेमा बघितला असता का?"

"हो, प्रभू," चारपाच जण पुटपुटले.

मग ओव्हेलाची पाळी. ब्रदर गार्लंडने तिचा हात हलकेच दाबला. माघार घ्या, असा त्याचा अर्थ.

"प्रभू," ती म्हणाली, "हॉइटला सांग, येशू माझ्या बाजूलाच बसला होता. माणसात भूत शिरलेलं बघून येशू कधी उठून गेला, हे हॉइटने बायबलात दाखवावं. उठून जायची खोड आमची."

कुणीतरी खोकलं.

"आमचा रॉइस लाकडाच्या गिरणीत पाठ मोडून घरी आला, आणि दुखण्याच्या गोळ्यांनी त्याला धरलं. तो दर बुधवारी याच गोलात उभा राहायचा. 'माझ्यासाठी प्रार्थना करा, पण कशासाठी ते सांगण्यासारखं नाही,' म्हणायचा. आपण आमेन म्हणायचो आणि जेवायला बसायचो. मी त्याची आई. हात माझ्या हातात असायचा, घामेजलेला. मीसुद्धा विचारलं नाही. मला भीती वाटायची, तो खरंच सांगेल याची. आता तो नॉक्सव्हिलला टायरच्या दुकानात आहे. गोळ्या सुटल्या त्याच्या. आपणही सुटलो त्याला, इकडे फिरकत नाही तो. या डोंगरात असली पोरं किती आहेत, ते तुला ठाऊक आहे आणि इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एका घाणेरड्या सिनेमातल्या न्हाव्याने जे विचारलं ते आपल्यापैकी एकानेही विचारलं नाही. ते वाक्य मी मागे घेणार नाही. आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले. डोळे उघडले, हात सुटले, आणि चमचे वाजायला लागले. ओव्हेला तशीच उभी. आता कुणीतरी काहीतरी म्हणेल. रागावेल, नाही तर जवळ येईल. पण प्रार्थनेला उत्तर द्यायचं नसतं. जी ढाल इतकी वर्षं तिला आडवी येत होती तीच आता सगळ्यांनी पुढे धरली होती. हॉइट घेवडा वाढून घेत होता.

मार्लीन पुडिंगची ताटली घेऊन आली. डोळे खरोखर ओले होते तिचे. "किती सुंदर प्रार्थना केलीत, मिस ओव्हेला! माझ्या अंगावर काटा आला. मग रविवारी छापायचं ना, गैरसमज झाला म्हणून?"

ओव्हेलाला वाटलं, ती ताटली हिच्या डोक्यावर पालथी घालावी. तिने ती घेतली आणि टेबलावर ठेवली.

"ती प्रार्थना नव्हती गं बाई," ती मोठ्याने म्हणाली. "मी तुमच्याशी बोलत होते." चमचे थांबले. "हॉइट, ते पातेलं ठेव खाली. माझ्याकडे बघा सगळे. आमचा रॉइस गिरणीतून पाठ मोडून घरी आला."