जावयाचा कोटा

माझा मुलगा नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत आहे. मी चौथी शिकलेली, त्यामुळे त्याचं काम मला त्याने सोपं करून सांगितलं. कंपनीचं एक मोठं यंत्र आहे, त्यात सगळे नोकर आपापल्या फायली ठेवतात. प्रत्येकाला जागेचा कोटा ठरलेला. कोणी कोट्याबाहेर गेला की हा त्याला आधी बजावतो, मग मुदत देतो, आणि मुदत संपली की त्याचं ठेवणं बंद करतो. "मी साहेबालेही सोडत नाही," हे वाक्य तो जेवताना इतक्या वेळा म्हणायचा की पोळी वाढताना मला ते येणार हे आधीच कळायचं.

पुढे त्याने तसंच एक यंत्र घरी आणून बसवलं. आमचं घर बेसा भागात आहे. गव्हाची कोठी जिथे असते त्या खोलीत त्याने ते ठेवलं. तो त्याला सर्व्हर म्हणतो, मी डबा म्हणते. घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमधले फोटो आणि व्हिडिओ आपोआप त्यात जाऊन पडतात. त्यासाठी नळ नाही, तार नाही. लोक इतकं काय साठवतात हे मला अजून समजलेलं नाही. एकाच पुरणपोळीचे सात फोटो. नातवाचे तर इतके, की त्याच्याकडे पाहायचं सोडून सगळे त्याचे फोटोच काढत असतात. मे महिन्यात डबा तापतो म्हणून मुलाने त्याच्यासमोर एक जुना कूलर आणून लावला. गव्हाला नाही, मला नाही, डब्याला कूलर.

प्रत्येकाला कोटा मिळाला. मलाही मिळाला. त्यात आमच्या भजनी मंडळाच्या बायका पाठवतात ते व्हिडिओ पडलेले असतात. मी ते पाहत नाही. ज्या वेळी समोर बसून ऐकते त्याच वेळी पुरे होतं.

या सगळ्यात कामासाठी डबा वापरणारी एकच होती, माझी सून. ती दहावीचं गणित शिकवते. एका क्लासवाल्याने तिला सांगितलं होतं, सगळे धडे बोलून, फळ्यावर लिहून, व्हिडिओ करून शाळा उघडायच्या आत दे, म्हणजे तुला कायमचं ठेवतो. नाहीतर दुसरी बाई तयार आहे. सून माझी काही गुणांची पुतळी नाही. भाजीत मीठ विसरते आणि वर मला सांगते की तुमच्या बीपीले हेच चांगलं. पण त्या उन्हाळ्यात ती रोज दुपारी वरच्या खोलीत जायची, दार लावायची आणि कूलर बंद करायची, कारण कूलरचा आवाज धड्यात येतो. नागपूरच्या मे महिन्यात, भर दुपारी, कूलर बंद. खाली उतरायची तेव्हा ब्लाउज अंगाला चिकटलेला असायचा.

एका दुपारी ती जिन्यावरूनच ओरडली, "अहो, धडा गेला!"

वर्तुळाचा धडा होता. पूर्ण झाला, आणि डब्याने तो ठेवूनच घेतला नाही.

रविवार होता, मुलगा घरीच होता. "तुझ्या कोट्यात तर जागा आहे," तो म्हणाला.

"आहे ना? मग ठेवला काहून नाही?"

त्याने मोबाईलमध्ये पाहिलं आणि कान खाजवला. तो कान खाजवतो तेव्हा मला कळतं की चूक याचीच आहे. हळूहळू बाहेर आलं ते असं. गच्चीवरच्या टाकीसारखी गोष्ट होती. प्रत्येकाच्या नळाला माप लावलं होतं, पण एक नळ बिनमापाचा सोडला होता. तो आमच्या जावयाचा. टाकीच रिकामी झाल्यावर, म्हणजे डब्यातली जागाच संपल्यावर, माझ्या सुनेच्या नळाला पाणी कुठून येणार?

जावई अमरावतीला असतात. त्यांच्या गाडीच्या काचेला माझ्या मुलानेच बसवून दिलेला कॅमेरा आहे, तो समोरचा रस्ता टिपत राहतो आणि ते सगळं आमच्या डब्यात येऊन पडतं. मुलाने मला दाखवलं. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. नुसता रस्ता. एका ठिकाणी म्हैस आडवी आली, तेवढंच पाहण्यासारखं.

"त्यांना कोटा काहून नाही दिला?" मी विचारलं.

"आई, जावई आहेत ते. भरला की मेसेज जाते, तुमची जागा संपली म्हणून. बरं दिसते का?"

"अन् साहेबाले गेलेला बरा दिसते?"

"ते ऑफिस आहे. अन् हा धोंड्याचा महिना चालू आहे. परवा ते जेवायले येऊन राहिले." मग बायकोकडे वळून म्हणाला, "तू असं कर, मागच्या वर्षीचे धडे काढून टाक. आई, तुझे भजनाचे व्हिडिओ काढू का? तू पाहत तर नाहीस."

"पाहत नाही, खरं आहे. पण भजन काढून म्हशीले जागा करून राहिला का गा तू?"

सून हसली. पण क्लासवाल्याची मुदत जवळ आली होती, ते हसू काही टिकलं नाही.

ठरल्या दिवशी मुलगी आणि जावई आले. अधिक महिन्यात जावयाला विष्णू मानायचं असतं, म्हणून सून आणि मी आदल्या दिवशी चुलीपुढे भाजून निघालो होतो, अनारसे तळत. पाट, रांगोळी, निरांजन, सगळं झालं. मुलगा वाढत होता आणि डब्याच्या खोलीचं दार त्याने ओढून घेतलं होतं, जसं काही आत मढं ठेवलं आहे.

मी म्हटलं, "जावईबापू, तुमच्या गाडीतला रस्ता तुम्ही कधी पाहता का?"

"कोणता रस्ता, आई?"

मी सांगितलं. धडा कसा गेला, तेही सांगितलं. मुलगा वरणाच्या भांड्यात पाहत राहिला. मुलगी म्हणाली, "आई, जेवू तर दे त्यांना!"

"जेवू नका कोण म्हणते? घ्या, आणखी अनारसा घ्या. त्याले कोटा नाही. त्या डब्याले आहे."

जावई म्हणाले, "मले तर माहीतच नव्हतं. मले वाटलं, ते गाडीतच राहते." मग मुलाकडे पाहून, "तुम्ही एक फोन केला असता तरी झालं असतं."

म्हणजे ज्या माणसाचा मान राखायला माझी सून धडे पुसणार होती, त्याला हा मान चालू आहे हे ठाऊकच नव्हतं. तरी त्यांचा चेहरा थोडा उतरला, हे खोटं कशाला सांगू. दुसरा अनारसा त्यांनी घेतला नाही. स्वयंपाकघरात मुलगी मला म्हणाली, "आता सासरी काय तोंड दाखवू?"

"जे आहे तेच दाखव," मी म्हटलं. ती महिनाभर फोनवर माझ्याशी बोलली नाही. आईशी न बोलता भावजयीला मात्र अनारशाचं पीठ कसं करायचं ते विचारत होती.

रस्ता पुसला गेला. जावयाला कोटा लागला, सगळ्यांना आहे तेवढाच. दुसऱ्या दिवशी दुपारी सून वर गेली, तिने दार लावलं, कूलर बंद केला. खाली डब्यापुढचा कूलर घरघरत होता आणि तो आवाज जिन्याने वर जात होता. मी उठून त्याचं बटण बंद केलं.

मुलगा सुटीवरच होता, तो धावत आला. "आई, डबा तापेल ना!"

"तापू दे. वर ती तापून राहिली आहे."

तो कॅलेंडरचा पुठ्ठा घेऊन डब्याला वारा घालत बसला, इंजिनियर माणूस. धडा संपेपर्यंत मी त्याला उठू दिलं नाही. या वेळी डब्याने तो ठेवून घेतला.