ब्रेकवर पाय, हात जोडलेले

मंगळवार, सकाळ. हजर: मागच्या सीटवर शिकवणाऱ्यांची परीक्षा घेणारे सर, शिकाऊ म्हणून स्टिअरिंगवर मी आणि शेजारी शिकवणारे म्हणून धाराशिवजवळच्या वाशीचे एक काका. नाव विचारायचं राहून गेलं.

काकांना धाराशिवच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नोकरी मिळणार होती, पण सर पास करतील तरच. नियम त्यांना पाठ होते. एकेक सांगून झाला की ते मिशीवरून बोट फिरवत.

"ताई, दोन्ही हात स्टिअरिंगवर. काय बी झालं तरी सोडायचं न्हाय."

तेवढ्यात तुळजापूरचा डोंगर दिसला आणि काकांनी हात जोडून डोळे मिटले.

"अहो काका! शिकणाऱ्याकडं कोण बघणार?" सर ओरडले.

काकांच्या पायाशीही एक ब्रेक होता. तिकडं बोट दाखवून ते म्हणाले, "डोळे मिटले व्हते सर, पाय न्हाय उचलला."

मला हसू आवरेना. सरांनी मात्र तोच रस्ता पुन्हा घ्यायला लावला. या खेपेला डोंगर आला तेव्हा काका दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, माझ्यावर नजर रोखून बसले. पास झाले.

उतरताना हळूच म्हणाले, "ताई, तुळजापूरला गेलात तर माझा आजचा नमस्कार तेवढा घाला. राहिलाय."

आता मीही त्याच रस्त्यावर शिकवते. डोंगर रोज येतो, पण शिकणाऱ्यावरची नजर काढता येत नाही. वहीतल्या माझ्या कामांच्या यादीत बाकी सगळ्यांवर टिक झाली. काकांचा नमस्कार अजून बाकी आहे.