खुर्ची सोडल्याचा गुन्हा

ती घटना आजही आठवते आणि आजही संताप होतो, निम्मा स्वतःवरच.

मी तेव्हा संभाजीनगरच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळी फोन आला, एका खासगी दवाखान्यात पेशंट दगावला, नातेवाईक काउंटर फोडताहेत. पोहोचलो तर फुलंब्रीचा एक तरुण रिसेप्शनिस्ट बाईंवर धावून जात होता. "हिनंच बसवून ठिवलं माझ्या बापाला! छातीत लई दुखतंय म्हणून सांगत व्हतो!"

डॉक्टरांनी मला केबिनमध्ये नेऊन चहा पाजला. "पेशंट आलाय हे तिनं मला कळवलंच नाही," म्हणाले. मला ते पटलं. बाईंना मात्र ठाण्यात आणून बाकावर बसवलं. छावणी भागात राहणाऱ्या, बारा वर्षं त्याच काउंटरवर काम केलेल्या बाई. महिला हवालदार जबाब लिहून घेत होती आणि मी ओरडत होतो, "खरं सांगा, नाहीतर आत जाल!"

"साहेब, तीन दफा इंटरकॉम केला. सर म्हणले, बसू दे. मग मीच उठले, व्हीलचेअर आणायला. तर लगेच माझ्या मोबाइलवर सरांचा फोन. 'काउंटर सोडून कुठं निघाली?' रोज असंच करतात. कॅमेरा बघत असतात ना मोबाइलवर."

दवाखान्यात जाऊन पाहिलं, तर कॅमेरा दाराकडे नव्हता, बाईंच्या खुर्चीवर रोखलेला होता. पेशंटला बसवलेला शेजारचा बाकही त्यात दिसत होता. कॉल रेकॉर्ड मागवलं. पेशंट दगावण्याआधीचा डॉक्टरांचा तो फोन त्यात होता.

डॉक्टरांना समोर बसवून विचारलं, "रिकामी खुर्ची दिसली, मग शेजारी तडफडणारा माणूस दिसला नाही?" त्यांनी वकिलाला फोन लावला.

हलगर्जीपणा झाला का हे ठरवायला कागदपत्रं सरकारी डॉक्टरांच्या समितीकडे गेली आणि तिथेच रेंगाळली. दवाखाना चालू राहिला. बाईंना दुसऱ्याच दिवशी कामावरून काढलं.

या प्रकरणानं मला एवढं शिकवलं, की केबिनमधला चहा पिऊन काउंटरवरच्या माणसाची चौकशी करू नये. त्या दिवशी बाई ठाण्यातून निघाल्या तेव्हा मी त्यांची माफी मागितली. त्या माझं ऐकतच नव्हत्या. म्हणाल्या, "तीन दफा फोन करत बसले, साहेब. पहिल्याच दफा उठायला पाहिजे होतं."