घरात माणसं चार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोराला नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा एवढं एक सोडून बाकी सगळं बोलतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीची माणसं लगेच म्हणतात, "जाऊ द्या हो, होतं असं." तुम्ही तसं म्हणू नका. एवढंच ऐका.

तशी गोष्ट गाडीची आहे. म्हणजे — मी ती गाडीचीच करून ठेवली आहे. आमची वस्ती पाथर्डीपासून आत, माळावर. तिथं कुणाला पिकअप घ्यायची असली की तो आधी माझ्याकडे येतो. मी चहा पाजतो आणि प्रवचन देतो. मोठ्या गाडीच्या नादी लागू नका, अर्धा हौदा रिकामा फिरवायला डिझेल जाळू नका, आपला माल किती, आपला रस्ता कसा, आपलं कुटुंब केवढं ते बघा आणि मग गाडी बघा. लोक माना डोलावतात. "नाना, तुमी लई इचार करून घेतली बगा," म्हणतात. विचार करून घेतली, हे खरंच आहे. कसला विचार, ते कुणी विचारत नाही.

आधी माझ्याकडे मोठी पिकअप होती. दोन ओळींची केबिन, पुढे आम्ही, मागे पोरं. कांदा, शेळ्या, लग्नाचं सामान — काय म्हणाल ते वाहिलं तिनं. पण म्हातारी झाली आणि डिझेल असं प्यायची की भाडं घेताना आनंद व्हायच्या ऐवजी धडकी भरायची. लहान गाडी घ्यायला हवी होती. यात खोटं काहीच नाही. खोटं पुढे आहे.

त्याआधी सारिका सांगायला हवी.

सारिका माझ्या थोरल्या भावाची मुलगी. भावाला मी दादा म्हणतो. दादा आणि वहिनी दरवर्षी दिवाळी झाली की टोळीबरोबर कोपरगावच्या बाजूला ऊस तोडायला जायचे, ते उन्हाळ्यातच परत यायचे. पोरगी बरोबर नेली की शाळा बुडणार, म्हणून पहिलीपासून ती माझ्या घरी; दादाचं घर शेजारीच, तरी ते परतल्यावरही ती असायची आमच्यातच. दादानं तिचं बोट माझ्या हातात दिलं तेव्हा मीच म्हणालो होतो, "दादा, तू घोर करू नको. माझी दोन, तशी ही तिसरी." म्हणताना मनापासून म्हणालो होतो. माणूस म्हणतो तेव्हा मनापासूनच म्हणतो, नाही का?

माझा प्रतीक आणि ती एकाच वयाची, एकाच वर्गात. धाकटी पिंकी त्यांच्या मागे. सकाळी भाड्याला निघताना मी तिघांना पाथर्डीच्या शाळेत सोडायचो. एसटी वस्तीवर येत नाही, फाट्यापर्यंत चालत जावं लागतं, आणि तो रस्ता सुनसान. मागच्या सीटवर सारिका मध्ये बसायची आणि दोघांचे पाढे घ्यायची. प्रतीक अडखळला की मला आरशात दिसायचं. ती हसायची नाही हो — ती हसली असती तर कदाचित मला राग धरायला काहीतरी मिळालं असतं. ती हळूच त्याला सांगायची, आणि मग जोरात म्हणायची, "बरोबर आलं बग तुला!"

तर — ती हुशार होती. नुसती हुशार नाही, डोक्यात दिवा लावल्यासारखी. आणि माझा मुलगा तसा नव्हता.

सातवीच्या निकालाला मी शाळेत गेलो. बाईंनी सगळ्या पालकांसमोर मला पुढे बोलावलं आणि म्हणाल्या, "तुमच्या मुलीनं नाव काढलं." मी म्हणालो, "भावाची आहे." "हो का? मग तुमचा कोणता?" प्रतीक बाकावर खाली मान घालून बसला होता. मी बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, "अच्छा, हा होय." बस, एवढंच. वाईट काहीच बोलल्या नाहीत. पण तो "हा होय" माझ्या कानात महिनोन्‌महिने राहिला. घरी येऊन प्रतीक जेवला नाही. सारिका त्याच्यासाठी ताट घेऊन गेली, तर त्यानं ते ढकललं. आणि मी — बाप — उठून त्याला दटावायच्या ऐवजी मनात म्हणालो, बरोबर केलंस.

माझ्या घरात, माझ्या भाकरीवर, माझ्याच पोराला ती लहान करते आहे, असं मला वाटायला लागलं. तेरा वर्षांच्या पोरीबद्दल. सांगतानाही लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

दसऱ्याच्या आधी आम्ही नगरला गाडी बघायला गेलो. मी, प्रतीक आणि सारिका. मंदा, माझी बायको, पिंकीला ताप होता म्हणून घरी थांबली. शोरूममध्ये दोन लहान पिकअप शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकीची केबिन छोटी, पुढे ड्रायव्हर आणि बाजूला दाटीवाटीनं दोघं. दुसरीला मागे अजून एक बाक होता, हौदा थोडा आखूड. विकणारा पोरगा चांगला होता, खोटं बोलला नाही. म्हणाला, "साहेब, अ‍ॅव्हरेज दोन्हीचं जवळजवळ सारखंच. किमतीत फार फरक नाही. घरच्या माणसांना न्यायचं-आणायचं असेल तर ही मागच्या सीटवाली घ्या."

तो हे बोलत होता तोवर सारिका त्या मागच्या बाकावर जाऊन बसलीसुद्धा. ओढणीनं काच पुसली. सरकून बाजूला झाली, दोघांची जागा ठेवून. आणि उघड्या दारातून म्हणाली, "नाना, ही आपल्या जुनीपेक्षा भारी हाय. हितं बसून लिवता पन येईल."

विकणाऱ्या पोरानं मला विचारलं, "फॅमिलीत माणसं किती, साहेब?"

मी म्हणालो, "चार."

त्यानं सारिकाकडे बघितलं. मी तिच्याकडे न बघता म्हणालो, "ही भावाची आहे. मागच्या सीटचं आम्हाला काही काम नाही."

बघा, गाडी घेताना माणूस आपली गरज सांगतो, त्यात कुणाला काय वावगं दिसणार? मी कुणाला घराबाहेर काढलं नाही. ओरडलो नाही, हात उगारला नाही. मी फक्त एक आकडा सांगितला. पण तो सांगताना मला पक्कं माहीत होतं की या एका शब्दानं तिची शाळा सुटणार आहे. माहीत होतं म्हणूनच सांगितला. अ‍ॅव्हरेज, डिझेल, हौद्याची लांबी — ते सगळं मी नंतर जमवलं.

ती खाली उतरली. दार हळूच लावलं. गाडी आपली नाही म्हटल्यावर आपटू नये, तसं. परतीच्या वाटेवर प्रतीकशी नेहमीसारखी बोलत होती. मी स्वतःला सांगितलं, तिनं ऐकलं नसावं.

नवी गाडी दारात आली, मंदानं ओवाळलं, सारिकानं झेंडूचा हार केला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती दप्तर घेऊन केबिनपाशी आली तेव्हा आत प्रतीक आणि पिंकी बसले होते. खरं सांगायचं तर मावली असती. पिंकीला मांडीवर घेतलं असतं की झालं. मी म्हणालो, "मागं हौद्यात चढ." चढली. लोखंडी दांड्याला धरून, धुरळा खात शाळेपर्यंत गेली. आठवडाभर तसंच. मग मीच म्हणायला लागलो की, वाढत्या वयाची पोर अशी हौद्यात उभी राहून जाते, लोक नावं ठेवतात. मग ती फाट्यापर्यंत चालत जायला लागली. मग मीच म्हणालो की, रस्ता सुनसान आहे, काही बरंवाईट झालं तर दादाला काय तोंड दाखवू? काळजीच्या नावाखाली केवढं काही करता येतं!

मंदानं एकदा विचारलं, "सारूचं कसं वो? मागच्या सीटची न्हाई का मिळाली?" मी म्हणालो, "त्या साइजमध्ये येतच न्हाई." तिनं विश्वास ठेवला. चौदा-पंधरा वर्षांच्या संसारात मी तिच्याशी फारसं खोटं बोललो नव्हतो.

दिवाळी झाली. टोळी निघायची वेळ आली. दादा अंगणात आला, वहिनी मागे. दादानं विचारलं, "काय रं, सारूच्या शाळंचं काय म्हनं? आता गाडीत मावत न्हाई का ती?"

मी तेच सांगितलं. त्या साइजमध्ये मागची सीट येतच नाही. सारिका उंबऱ्यात उभी होती. मी बोललो आणि तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्याकडे बघावं तसं. तेव्हा मला कळलं की शोरूममध्ये तिनं सगळं ऐकलं होतं.

मला वाटलं, आता ही बोलणार.

ती दादाला म्हणाली, "आबा, गाडीचं राहू द्या. मला शिकायचंच न्हाई. शाळंत माजं डोकं दुकतं. मी येते तुमच्यासंगं."

दादानं फाडकन तिच्या तोंडात मारली. "आमी हितं रक्त आटवायचं, ह्यो तुला लेकीसारकं संभाळतोय, आन्‌ तुला शाळा नको?" दुसरी मारायला हात उचलला. मी तो धरला. आणि म्हणालो — हे जे म्हणालो ना, ते मला आजही झोपेतून उठवतं — मी म्हणालो, "जाऊ दे, दादा. मनच नसंल तर बळंच शिकवून काय हुतंय?"

हात धरला तो मी! वहिनीनं त्या दिवशी माझ्याकडे किती मायेनं बघितलं म्हणून सांगू.

सारिका का तसं बोलली? कितीदा विचार केला. आईबाप सहा महिने दूर, घरदार माझ्या भरवशावर, दोन भावांत बिनसलं तर काय होईल, एवढं कळण्याइतकी ती हुशार होती. किंवा "चार" ऐकल्यावर तिलाच या घरात राहायचं नसेल. मी विचारलं नाही. विचारणार कसा?

मीच त्यांना त्या नव्या गाडीतून कोपरगावला सोडून आलो. ती हौद्यात, गाठोड्यांवर बसलेली. त्या हंगामात एकदा तिकडे गेलो, तर उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढत होती. मला बघून खाली आली, हात पुसले आणि विचारलं, "नाना, प्रतीकला गनितात किती पडले?" मी म्हणालो, बरे पडले. बरे पडले नव्हते. ती गेल्यावर त्याला समजावून सांगणारं कुणी राहिलंच नाही. दहावीला तो दोनदा बसला. आता सुप्याला कंपनीत आहे, ठीक आहे. अजून कधीतरी म्हणतो, "सारूनं उगाच शाळा सोडली, पप्पा." मी म्हणतो, "तिची इच्छा."

पुढच्या हंगामात टोळीतल्याच एका मुलाशी तिचं लग्न लावलं. पंधराची होती. लग्नाची भांडी माझ्याच गाडीतून गेली. दादानं चारचौघांत सांगितलं, माझ्या भावानं भाडंसुद्धा घेतलं नाही.

आता यंदाचं. दादा थकलाय, तोडीला जात नाही. सारिका आणि तिचा नवरा जातात. त्यांची मुलगी परी दुसरीत आहे. तिला यंदा दादा-वहिनींपाशी, म्हणजे माझ्या शेजारच्याच घरात, शाळेसाठी ठेवली. निघायच्या दिवशी गाडी अंगणात होती — तीच, अजून चांगली पळते, अ‍ॅव्हरेज अजून उत्तम. सारिका हौद्यात उभी राहून चूल, पत्रे, पाण्याचे ड्रम नीट लावत होती. परीनं खालून तिचा पदर धरला होता आणि रडत होती. "मला शाळा नको, मला तुज्यासंगं यायचं."

दादानं तिला जवळ घेतलं. म्हणाला, "आईवानी करू नको गं बाई. ह्या नानानं तुज्या आईला लेकीसारकं ठिवलं हुतं, शाळंत न्यायला रोज गाडी काडायचा. पर तिलाच शिकायचं नव्हतं. आता बग, जलमभर मोळ्या वाहती."

मी दाराशी उभा होतो, हातात चावी. दादा, वहिनी, मंदा, सारिकाचा नवरा, सगळे तिथंच होते. एक वाक्य पुरलं असतं. इतक्या वर्षांत मी ते मनात हजारदा म्हटलंय, मला पाठ आहे.

सारिकानं ड्रम टेकवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खाली वाकून पोरीचे डोळे पुसले आणि म्हणाली, "व्हय गं. आबा खरं सांगत्यात. माजंच चुकलं. तू मन लावून शिक."

मी म्हणालो, "सारू, पुढं बस. जागा हाय."

"नको, नाना," ती म्हणाली. "मला मागंच सवय हाय."

मी आत बसलो आणि गाडी सुरू केली.